डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतंय? गाडी आधी दाखवून घ्या

सर्व्हिसला आलेले काही ग्राहक कौतुकाने सांगतात, "गाडी थेंबभर ऑइल पीत नाही, उलट थोडं वाढलंच आहे!" इंजिन ऑइल आपोआप वाढत नसतं. डिझेल गाडीत जे वाढलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा डिझेल असतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला आणि डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर लागला. तो भरत आला की गाडी आतली काजळी स्वतःच जाळते. त्यासाठी फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये उशिराने थोडं जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून, रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल असतं तर गरम ऑइलमधून बरंचसं उडून गेलं असतं, डिझेल तितक्या सहज उडत नाही.

गाडी घर-शाळा-मंडई एवढीच फिरली, तर हे जळणं अर्ध्यावर तुटतं. पुढच्या फेरीत परत सुरुवात, परत थोडं डिझेल खाली.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक एसयूव्ही आली. रोजचं फिरणं चार-पाच किलोमीटर. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर, ऑइल मॅक्सच्या खुणेपेक्षा अर्धं बोट वर होतं. दोन बोटांत चोळून पाहिलं तर चिकटपणा नाही, वास सरळ डिझेलचा. किलोमीटर कमी झालेत म्हणून सर्व्हिस लांबली होती. अशा गाडीला मात्र किलोमीटर नाही, महिने मोजावे लागतात.

पातळ ऑइल बेअरिंग आणि टर्बोला सांभाळू शकत नाही. पातळी फार चढली तर इंजिन ते ऑइलच ओढून जाळू लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. हे क्वचित घडतं, पण इंजिन संपतं.

उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा जास्त असेल किंवा बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत असेल, तर काजळी जळण्याचं काम चालू होतं असं समजा. शक्य असेल तर लगेच बंद न करता आणखी थोडी चालवा. आठवड्यातून एकदा सिन्नरच्या बाजूला हायवेवर २०-२५ मिनिटं एका वेगात न्या. डीपीएफचा दिवा लागला, तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे चालवा. दिवा गेला नाही तर वाट पाहू नका.

वरचं ऑइल काढून पातळी जुळवून घेऊ नका, उरलेलंही पातळच असतं. ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं, कमी राखेचंच हवं. भलतं टाकलं तर डीपीएफ लवकर चोंदतो. बदलूनही पातळी चढतच राहिली, तर इंजेक्टर आणि डीपीएफचे सेन्सर तपासावे लागतील.

दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. स्वतः पाहणं जमत नसेल तर जाता-येता गॅरेजला थांबा. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.