दोन दिवसांसाठी फ्लॅट : संभाजीनगरात हे नियम आले कुठून

बीड बायपास, गारखेडा, सिडको, सगळीकडेच आता रोजच्या भाड्याने फ्लॅट मिळतात. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून तर वीकेंडला वेरूळ-अजिंठा करणारे लोक, लग्नाचे वऱ्हाडी, शेंद्रा-बिडकीनला कंपनीच्या कामाला आलेले, सगळ्यांनाच लॉजपेक्षा किचनवालं घर बरं वाटायला लागलंय. आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलं की प्रश्न येतोच, याला परवानगी लागते का. एका ओळीत उत्तर नाही, कारण फक्त याच्यासाठी म्हणून कायदा आपल्याकडे झालेलाच नाही. जे लागू होतं ते सगळं दुसऱ्याच कुणासाठी केलेलं आहे, भाडेकरूसाठी, लॉजसाठी, परदेशी पाहुण्यासाठी.

फार मागे जात नाही. तुळजापुरात भाविक पुजाऱ्यांच्याच घरी उतरायचे, अजूनही उतरतात, तिथे कोण कसली पावती मागतंय. अजिंठा बघायला येणाऱ्या साहेबलोकांसाठी निजामाच्या काळात फर्दापूरला सरकारी गेस्ट हाऊस होतं. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात, त्यामुळे घरभाड्याचा कायदाही पुढे हैदराबादचाच लागला, १९५४ चा. १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, तरी मराठवाड्यात तोच चालू, मुंबईकडे वेगळा, विदर्भात तिसराच. सगळ्या राज्याला एक भाडे नियंत्रण कायदा लागला तो थेट ३१ मार्च २००० पासून (नावात १९९९ आहे).

आता खरी मेख इथे आहे. या कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर्ड असलाच पाहिजे असं केलं, अकरा महिन्यांचा असो की दोन महिन्यांचा, आणि तो करायची जबाबदारी घरमालकावर, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मग शनिवारी येऊन सोमवारी जाणाऱ्याचा पण करार रजिस्टर करायचा का? तर तसं नाही, कारण लायसन्सी, म्हणजे असा करार करून जागा वापरणारा, कोण हे सांगताना कायद्याने पेइंग गेस्ट आणि हॉटेल, लॉज, गेस्ट हाऊसमधले लोक बाहेर ठेवलेत. पण पेइंग गेस्ट म्हणजे कोण, तर मालक स्वतः जिथे राहतो त्याच जागेचा काही भाग ज्याला दिला तो. म्हणजे मालक वरच्या खोलीत राहतोय आणि खालची खोली पाहुण्याला दिली तर तो पेइंग गेस्ट. मालक पुण्यात, फ्लॅट इथे, चावी वॉचमनकडे किंवा दाराच्या नंबरच्या कुलपात, तर मग पेइंग गेस्ट नाहीच. मग एकतर तुम्ही गेस्ट हाऊस चालवताय म्हणा, नाहीतर करार रजिस्टर करा. बहुतेक जण यातलं काहीच म्हणत नाहीत, "होमस्टे आहे" म्हणतात.

आणि गंमत बघा, होमस्टेलाही तीच अट. २०१० च्या दिल्लीतल्या कॉमनवेल्थ स्पर्धांना खोल्या कमी पडतील या धास्तीने केंद्राने बेड अँड ब्रेकफास्टची योजना पुढे रेटली, त्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा बेड, सिल्व्हर-गोल्ड असे दर्जे, आणि मालक कुटुंबासह तिथेच राहत असला पाहिजे. कल्पनाच अशी होती की हा घरगुती उद्योग आहे, हॉटेलचा धंदा नाही, म्हणून सवलतीने बघा. वेरूळ रोडला जे लोक स्वतःच्या घरात पाहुणे ठेवून पिठलं-भाकरी करून घालतात त्यांना हे बरोबर बसतं. बंद फ्लॅट घेऊन पाच-पाच ठिकाणी चालवणाऱ्यांना नाही बसत, आणि माझ्या मते नाहीच बसायला पाहिजे. अटीला जाचक म्हणून ओरडणारे बहुतेक याच दुसऱ्या गटातले. तक्रार झाली तर उत्तर द्यायला माणूस जागेवर पाहिजे, एवढंच तर ती मागते.

सोसायटीचा मुद्दा वेगळा. मालक राहत नाही म्हणून नॉन ऑक्युपन्सी चार्ज घ्यायचा तर सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंतच, हा सरकारी निर्णय १ ऑगस्ट २००१ चा. पण तो सहकारी सोसायटीसाठी. आपल्याकडे कितीतरी बिल्डिंगा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत, तिथे डिक्लेरेशन डीडमध्ये (बिल्डिंग त्या कायद्याखाली आणताना केलेल्या दस्तात) काय लिहिलंय ते आधी बघावं लागतं, आणि ते डीड कुणी वाचलेलं नसतं. त्यात शहरात नळाला पाणी रोज येत नाही, टँकरचे पैसे सगळ्यांनी भरायचे आणि आठ जणांचा ग्रुप येऊन टाकी रिकामी करून जाणार, मग मीटिंगमध्ये आवाज चढणारच.

परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे तो उतरलाय हे सरकारला कळवायचा फॉर्म, भरायचा, हे पूर्वीपासूनचं. परकीय नागरिकांचा १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आला, तरी कळवायची जबाबदारी जागा देणाऱ्यावरच राहिली, मग लॉज असो की घर.

टॅक्समध्ये मात्र मालक तिथे राहतो का हे कुणी विचारत नाही. १८ जुलै २०२२ पर्यंत १००० रुपयांच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता, मग १२ टक्के आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंत ५ टक्के झाला. ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला स्वतः नोंदणी लागत नाही, पण ॲपवरून बुकिंग आलं तर त्याच्या वाटणीचा कर ॲपवालाच भरतो. बरेच मालक हाच कर दाखवून "आमचं सगळं लीगल आहे" असं मीटिंगमध्ये सांगतात. कर भरला म्हणजे त्या जागी पाहुणे ठेवायची परवानगी मिळाली असं मात्र होत नाही.