खॅम: कुर्मांजीतल्या दुःखाच्या शब्दाची पार्श्वभूमी

कुर्मांजीत, म्हणजे तुर्कस्तान, सीरियाकडच्या कुर्द लोकांच्या कुर्दी बोलीत, दुःखाला खॅम म्हणतात. मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आलेला, आणि आपल्याकडे तोच गम होऊन आला. खॅमगीन म्हणजे आपलं गमगीनच, बेखॅम म्हणजे बिनघोर. कुर्मांजीत खॅम खातातसुद्धा, कुणी "खॅम नॅख्वॅ" म्हटलं तर काळजी करू नकोस असं सांगतोय, आणि आपण "जरा गम खा" म्हणतो ते धीर धर या अर्थाने, म्हणजे फारसीतला एकच वाक्प्रचार दोन मुलखांत दोन अर्थांनी रुजला.

मयताच्या दुःखाला मात्र सहसा शीन म्हणतात. खॅम मनातला, शीन चारचौघांतली. शीन म्हणजे निळा-हिरवा रंगही, आणि शीन बून म्हणजे उगवणं, पण उच्चार एक म्हणून अर्थ एकात एक घालायची घाई करू नये. भेटायला आलेला माणूस म्हणतो "सॅरे वॅ ख्वॅश बे", तुमचं डोकं खुशाल राहो, यातला ख्वॅश म्हणजे आपला खुश. पण सॅरख्वॅश म्हणजे दारू प्यायलेलाही होतो, म्हणून बरेच जण सांत्वनाला सॅरसाखी हाच शब्द वापरतात.

खरी गुंतागुंत खॅमच्या पहिल्या अक्षराची आहे. अरबीत हा शब्द घशातून येणाऱ्या ग ने सुरू होतो. 1932 मध्ये दमास्कसहून निघालेल्या एका मासिकाने कुर्मांजीसाठी रोमन लिपी ठरवली तेव्हा खरखरीत ख ला एक्स दिला, आणि घशातल्या ग साठी त्याच एक्सवर दोन टिंबं, पण ती टिंबं ऐच्छिक ठेवली. सोव्हिएत आर्मेनियातल्या कुर्दांना पुढे सिरिलिक लिपी मिळाली, तिच्यात या ग ला वेगळं अक्षर होतं. रोमनमध्ये टिंबं कुणी देत बसलं नाही आणि छापील शब्द साध्या एक्सचा झाला, मराठीत गम लिहिताना ग चा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, गेला तसाच. काहींना हे आजही खटकतं, मला नाही, कारण लिहिणाऱ्याला सोपी पडेल तीच लिपी टिकते.

पण हा वाद घरातला. बाहेरचा वाद फार कडू आहे आणि तो नीट सांगायलाच हवा. तुर्कस्तानने 1928 मध्ये कायद्याने 29 अक्षरांची नवी वर्णमाला आणली, तिच्यात क्यू, डब्ल्यू आणि एक्स नव्हते. तुर्कीला त्यांची गरज नव्हती, ठीक आहे. पण पुढे हाच कायदा कुर्दी लिखाणाविरुद्ध वापरला गेला. तुर्कीतही दुःखाला गमच म्हणतात, मूळ तेच, आणि तो जी ने लिहिला की चालतो, पण कुर्दी माणसाने तेच दुःख आपल्या अक्षराने लिहिलं की गुन्हा! 1983 च्या कायद्याने तर भाषेवरच बंदी आली, ती 1991 पर्यंत राहिली. त्या काळात ही भाषा कानांनीच जगली म्हणायची, आर्मेनियाची राजधानी येरेवानहून 1955 पासून लागणारे रेडिओवरचे कुर्दी कार्यक्रम, लपूनछपून फिरणाऱ्या कॅसेट आणि देंगबेज, म्हणजे वाद्याशिवाय लांबलचक कथा आणि विलाप गाणारे गायक. त्या गाण्यांत बाईला "ले ले" आणि पुरुषाला "लो लो" अशी हाक मारत दुःख सांगतात.

1991 नंतरही अक्षरं अडकलेलीच. 2003 मध्ये मुलांना कुर्दी नावं ठेवायची मुभा मिळाली पण नाव तुर्की वर्णमालेतच बसलं पाहिजे अशी अट, म्हणजे एक्स असलेलं नाव दाखल्यावर येणार नाही. 2005 मध्ये नव्या वर्षाच्या कार्यक्रमात फलकांवर क्यू आणि डब्ल्यू लिहिले म्हणून 20 जणांना दंड झाला. दंडसंहितेत वर्णमालेचा कायदा मोडणाऱ्याला दोन ते सहा महिने कैद होती. तेव्हा तुर्की टीव्ही चॅनेलच्या नावात डब्ल्यू होता, वेबसाइटच्या पत्त्यात तर तीनदा, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. इथे मला तटस्थ राहता येत नाही, अक्षर एकच आणि गुन्हा भाषा बघून ठरायचा.

गंमत नाही, पण विसंगती बघा. 1 जानेवारी 2009 ला सरकारनेच चोवीस तासांचं कुर्दी चॅनेल सुरू केलं आणि तीच अक्षरं स्क्रीनवर आली. 2012 पासून शाळांत पाचवीपासून कुर्मांजी ऐच्छिक विषय झाला, आठवड्याला दोन तास, आणि क्रमिक पुस्तकात एक्स छापल्याशिवाय तर धडाच होत नाही. शिक्षेचं कलम मात्र तसंच. सप्टेंबर 2013 मध्ये तीन अक्षरांना मोकळीक देण्याची घोषणा झाली, मार्च 2014 मध्ये ते कलम रद्द झालं. 2016 नंतर सरकारने कुर्दी भागातल्या बऱ्याच नगरपालिकांवर प्रशासक बसवले आणि कित्येक ठिकाणी दोन भाषांतल्या पाट्या उतरल्या. कायद्याने अक्षर मोकळं आहे, पाटीवर ते राहील की नाही हे नगरपालिका कुणाच्या हातात आहे यावर ठरतं.