अंतराळात श्वास रोखून धरायचा? अजिबात नाही!

परवा गंगापूर रोडला चहा पिताना भाचा सांगत होता, मामा, एका सायफाय कथेत कॅडेट्सना ट्रेनिंगमध्येच शिकवतात की सूट फाटला तर छातीभर श्वास घेऊन रोखून धरा, नाहीतर शरीर फुटतं किंवा क्षणात बर्फ होतो. हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय आणि सगळं उलटं आहे हो.

बाहेरचा दाब गेला की कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसं फाटतात, म्हणून श्वास सोडून द्यायचा, पाठीवर हवेचं सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरणाऱ्या स्कूबावाल्यांना पण वर येताना श्वास रोखू नका हेच आधी शिकवतात. शरीर फुटत नाही, कातडी चिवट असते, अंग सुजतं. आणि बर्फाचं म्हणाल तर टपरीवरचा थर्मास बघा ना, त्याच्या दोन भिंतींमध्ये हवा काढून टाकलेली असते म्हणून तर उष्णता सहज बाहेर जात नाही आणि चहा तासन्‌तास गरम राहतो, मग माणूस क्षणात कसा गोठेल?

१९६६ ला ह्यूस्टनला नासाच्या व्हॅक्यूम चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढून टाकलेल्या खोलीत, अंतराळ-सूटची चाचणी करणाऱ्या जिम लेब्लाँकच्या सूटची हवेची नळी निसटली, साधारण १४ सेकंदांत शुद्ध गेली, शेवटचं आठवत होतं ते जिभेवर लाळ बुडबुडतेय एवढंच. लगेच हवा भरली, माणूस वाचला.

मग कथेतल्या मास्तरने शिकवायचं ते हे: शुद्धीचे जेमतेम १० सेकंद आहेत, त्यात दार गाठा, नाही जमलं तर सोबत्याने मिनिटभरात आत ओढून हवा भरायची.