रेडिओलॉजीचे दूरस्थ अध्यापन

शिक्षक एका गावी आणि रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर दुसऱ्या गावी, अशा स्थितीत एक्स-रे, सीटी, एमआरआय वाचायला शिकवण्याची पद्धत. डिकॉम या समान मानकामुळे (१९९३) एका कंपनीच्या यंत्रावरचा स्कॅन कुठेही जसाच्या तसा उघडू लागला आणि हे शक्य झाले. २०२० च्या टाळेबंदीत व्ह्यूबॉक्ससमोर, म्हणजे फिल्म पाहायच्या दिव्याच्या पेटीसमोर, जमून होणारे फिल्म रीडिंग थांबले, तेव्हा ही सोय गरजच बनली.

अभिमत विद्यापीठे सोडल्यास राज्यातल्या एमडीच्या बहुतेक परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) नाशिकला म्हसरूळमध्ये आहे. पण तासाभराच्या वर्गासाठी मुंबईचा न्यूरोरेडिओलॉजिस्ट (मेंदूचे स्कॅन वाचणारा तज्ज्ञ) कसारा घाट चढून येत नाही. रात्री जेवणानंतर स्क्रीनवर मात्र येतो.

यातला खरा प्रश्न माउस कोणाच्या हातात, हा. शिक्षकाने निवडलेली चार चित्रे स्लाइडवर दाखवली की विद्यार्थी उत्तर ओळखतो, शोधायला शिकत नाही. मेंदूच्या सीटीचेच पाहा. नेहमीच्या विंडोत, म्हणजे काळ्या ते पांढऱ्या छटांत दाखवायच्या घनतेच्या पट्ट्यात (रुंदी ८०, पातळी ४०), कवटीलगतचा ताज्या रक्ताचा पातळ थर हाडाच्या पांढऱ्यातच मिसळून जातो. विंडो रुंद केली की हाड आणि रक्त वेगळे दिसतात. हे स्वतः करायचे तर निवासी डॉक्टरने आपली स्क्रीन दाखवत पूर्ण स्कॅन खालून वर स्क्रोल करावा आणि सरांनी गप्प बसावे. तो कुठे घाईने पुढे सरकला, हे तेव्हाच कळते. व्हॉट्सॲपवर धाडलेल्या फोटोत हे जमत नाही. सीटीत साधारण ४,०९६ करड्या छटा साठवलेल्या असतात. फोटोत २५६, आणि विंडोही बदलता येत नाही.

सोनोग्राफी अशी फारशी शिकवता येत नाही. प्रोब (अंगावर फिरवायचे उपकरण) किती दाबायचा, पित्ताशय नीट दिसेना तर पेशंटला डाव्या कुशीवर कधी वळवायचे, हे शेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते. शिवाय गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याने (१९९४) यंत्र नोंदणीकृत जागेशी बांधलेले. ते सरावाला घरी नेता येत नाही.

केस वर्गात नेण्याआधी पेशंटची ओळख पुसावी लागते. सॉफ्टवेअर फाइलमधली माहिती काढते, पण सोनोग्राफीच्या चित्रावरच छापलेले नाव अनेकदा तसेच राहते. त्या कोपऱ्यावर काळी पट्टी हातानेच ओढावी लागते.