गुडघ्याचं वंगण संपतं कुठे?

शेजारच्या काकू परवा एक्स-रेची फिल्म घेऊन आल्या. "बघ रे, वंगण संपलंय म्हणे गुडघ्यातलं. गॅपच राहिली नाही." गंमत अशी, की महिन्यापूर्वी याच गुडघ्याला सूज आली होती, तेव्हा "पाणी झालंय" असं निदान झालं होतं. एकाच गुडघ्यात वंगण संपलंय आणि पाणीही वाढलंय, हे कसं, असं विचारल्यावर काकूंनी फोन पुढे केला. त्यात उपाय तयारच होता: रात्री भेंडी चिरून पाण्यात घाला, सकाळी ते बुळबुळीत पाणी अनशापोटी प्या, एकवीस दिवसांत वंगण परत.

भेंडी बुळबुळीत, सांध्यातलं द्रवही बुळबुळीत, म्हणून ती थेट गुडघ्यात! या न्यायाने डिंकाचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीचे ओठ कायमचे चिकटायला हवेत. भेंडीचा बुळबुळीतपणा आतड्यापलीकडे तसाच्या तसा जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा फडशा पाडतात. सांध्यातलं द्रव सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी स्वतः बनवतात. निरोगी गुडघ्यात ते असतं जेमतेम तीन-चार मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही भरणार नाही. गुडघा झिजून सुजतो तेव्हा ते संपत नाही, उलट वाढतं. फक्त पातळ होतं. काकूंचं ‘पाणी’ ते हेच.

तरी ‘वंगण’ या शब्दाने आपली फसगत केलीच आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण, शिलाई मशीनला तेल, तसं गुडघ्याला काहीतरी, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण फिरत्या आसात तेलाचा थर टिकतो, कारण आस एकाच दिशेला, बऱ्यापैकी वेगाने फिरत राहतो. गुडघा काय करतो? पुढे, मागे, थांबला, पुन्हा पुढे. रेशनच्या रांगेत अर्धा तास नुसता उभा. मधलं तेल कधीच पिळून बाहेर जायला हवं. तरीही निरोगी सांध्याचा घर्षण गुणांक, म्हणजे घर्षण किती होतं याचं माप, ०.०१ च्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. बर्फावर बर्फ घासूनही सहसा इतकं कमी घर्षण मिळत नाही.

याचं फार सुंदर उत्तर १९५९ साली केंब्रिजच्या चार्ल्स मॅककचन यांनी दिलं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत, पांढुरका थर असतो. गुडघ्यात साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. मॅककचन यांनी जनावराच्या सांध्यातला कूर्चेचा तुकडा काचेवर दाबून सरकवला. सुरुवातीला घर्षण नगण्य होतं. दाब तसाच ठेवला, तर ते हळूहळू वाढत गेलं. तुकडा उचलून द्रवात भिजू दिला, की पुन्हा कमी! म्हणजे खरी करामत दोन थरांमधल्या तेलाची नव्हतीच. कूर्चा हा पाण्याने टच्च भरलेला स्पंज आहे आणि भार पेलतं ते त्यातलं पाणी.

आता जरा खोलात जाऊ. कूर्चेचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग पाणीच. उरलेल्यात कोलॅजनच्या धाग्यांची जाळी आणि त्या जाळीत कोंबलेले ॲग्रेकन नावाचे अवाढव्य रेणू. ॲग्रेकन दिसतो बाटली धुवायच्या ब्रशसारखा. मधल्या दांड्याला शंभरेक साखळ्या आणि प्रत्येक साखळीवर ऋण विद्युतभार. समान भार एकमेकांना ढकलतात, म्हणून ब्रश पसरायला बघतो. शिवाय हे ऋणभार सोडियमचे धन आयन धरून ठेवतात आणि त्यांच्यामागे परासरणाने पाणी आत येतं. कूर्चा फुगायला बघते, कोलॅजनची जाळी तिला आवळून धरते. गादीत कापूस ठासून भरावा आणि खोळीने तो दाबून धरावा, तसं. आता वरून वजन पडलं की पाणी बाहेर निघू पाहतं, पण जाळीतल्या वाटा जेमतेम काही नॅनोमीटरच्या. वाट सापडत नाही तोवर पाण्याचा दाब चढतो आणि पहिल्या क्षणी बहुतेक सगळा भार पाणीच उचलतं. घासायला घन पदार्थ समोरासमोर येतातच कुठे? थोडं पाणी झिरपतं, पाऊल उचललं की परत शोषलं जातं.

(ऋणभार, आयन वगैरेंनी डोकं गरगरलं असेल, तर गादी तेवढी लक्षात ठेवा.)

पाण्याच्या या ये-जा करण्यावरच कूर्चेचं पोटही चालतं. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. मोजक्या पेशींना अन्न मिळतं ते सांध्यातल्या याच द्रवातून. पाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहिला तर कूर्चा पातळ होऊ लागते. गुडघे जपायचे म्हणून खुर्ची न सोडणाऱ्यांचं गणित म्हणूनच चुकतं.

बिघाड सुरू होतो तो जाळी विस्कटल्यावर. मग ब्रश निसटतात, वाटा रुंदावतात, पाणी चटकन पळतं, भार उघड्या धाग्यांवर येतो, ते आणखी तुटतात. गेलेली कूर्चा धड परत येत नाही, हे लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लिहून ठेवलंय. ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणून देतात ते हायल्युरोनिक आम्ल. तेही या विस्कटलेल्या जाळीची डागडुजी करत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०२२ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखण्यातला फरक रुग्णाला जाणवेल इतका निघाला नाही. मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं यांचा उपयोग होतो. पण ते फॉरवर्ड करण्यात कुणाला गंमत वाटत नाही.

राहता राहिली काकूंची गॅप. फिल्मवर हाडांमध्ये जी काळी फट दिसते, ती मोकळी जागा नसतेच. तिथे मुख्यतः कूर्चा असते; क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात म्हणून ती दिसत नाही. काकूंची त्या एक्स-रेवाल्या मुलावर एक तक्रार होती: "दुखऱ्या पायावर उभं केलं मेल्याने, झोपवून काढला असता तर काय बिघडलं असतं?" बिघडलं असतं. झोपवलं की पायावरचा भार जातो, हाडं किंचित दूर होतात आणि फट आहे त्याहून मोठी दिसते. उभं राहिलं, की कूर्चा खरोखर किती उरलीय ते कळतं.