देवदर्शन व स्वप्नदृष्टांत (प्राचीन ग्रीस)

देवाने जागेपणी माणसासमोर प्रकट होणे किंवा झोपेत येऊन दृष्टांत देणे, ही प्राचीन ग्रीक धर्मात आडवळणाची गोष्ट नव्हती. महाकाव्ये, नाटके, इतिहासग्रंथ आणि देवळांतले शिलालेख या सर्वांत तिचे दाखले सापडतात. तिच्याबद्दलचा संशयही तितकाच जुना आहे.

होमरचे देव बहुधा ओळखीच्या माणसाचे रूप घेतात. उघडपणे आले तरी सर्वांना दिसतातच असे नाही. ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात तलवार उपसू पाहणाऱ्या योद्ध्या अकिलीसचे केस अथीना देवी मागून ओढते, ती दिसते एकट्या अकिलीसलाच. स्वप्नही झोपलेल्याच्या मनात उमटत नाही. ते बाहेरून येते, उशाशी उभे राहते, बोलते आणि निघून जाते. ‘ओडिसी’त नायकाची पत्नी पेनेलोपी हिच्या बहिणीचे रूप दिलेली छाया बंद दाराच्या अडसराच्या वादीजवळून आत शिरते. मात्र स्वप्न देवाने पाठवले म्हणून ते खरे असेलच, असे नाही. वेढा घातलेले ट्रॉय शहर आता पडणार, असे खोटेच सांगणारे स्वप्न देवांचा राजा झ्यूस ग्रीक सेनापती ॲगमेम्नॉनकडे मुद्दाम धाडतो, तेही त्याचा विश्वासू सल्लागार नेस्टर याच्या रूपात. शिंगाच्या दारातून येणारी स्वप्ने खरी आणि हस्तिदंती दारातून येणारी फसवी, हे पेनेलोपीचे बोलणे याच अनुभवातून आलेले दिसते.

इतिहासकार हेरोडोटस असे प्रसंग सांगतो, पण जपून. इ. स. पू. ४९० मध्ये इराणी आक्रमणाविरुद्ध मदत मागण्यासाठी स्पार्टाकडे धावणाऱ्या दूताला वाटेतल्या डोंगरावर पॅन देवाने नावाने हाक मारली आणि अथेन्सवासी आपली दखल का घेत नाहीत, असे विचारले. ही हकीकत तो त्या दूताच्याच तोंडची म्हणून देतो. अथेन्सने पुढे ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी पॅनचे स्थान उभारले. दुसरीकडे, हुकूमशहा पायसिस्ट्रेटसने फाये नावाच्या उंच, देखण्या स्त्रीला चिलखत घालून रथात उभे केले आणि साक्षात अथीनाच आपल्याला शहरात परत आणत आहे, अशी दवंडी पिटवली. शहाणे म्हणवणारे अथेन्सवासी याला भुलले, याचे हेरोडोटसला नवल वाटते.

दृष्टांताची रीतसर व्यवस्था होती ती देवस्थानांत. ओरोपसला अँफिअरॉस या देव मानल्या गेलेल्या द्रष्ट्यापुढे मेंढा बळी देऊन त्याच्याच कातड्यावर झोपत. एपिडॉरसला वैद्यकाचा देव अस्क्लेपिअस याच्या आवारात रुग्ण शुद्धी आणि बळी आटोपून एका खास दालनात रात्र काढत. बरे झालेल्यांच्या हकीकती तिथे इ. स. पू. चौथ्या शतकात शिलांवर कोरल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ७० आज ज्ञात आहेत. अथेन्सची एका डोळ्याने आंधळी अँब्रोसिया या हकीकतींना हसली. नुसत्या स्वप्नाने कोणी बरे होते का, असे तिचे म्हणणे. रात्री देव आला आणि म्हणाला, बरी करतो, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून चांदीचे डुक्कर वाहायचे. मग त्याने तिचा डोळा चिरून त्यात औषध ओतले. मूतखड्याने बेजार झालेल्या युफानीस या पोराला देवाने विचारले, बरा केला तर काय देशील? पोराने खेळायची दहा हाडकी कबूल केली (आपल्या सागरगोट्यांसारखा खेळ), आणि देव हसला. या शिला म्हणजे देवस्थानाची जाहिरातच होती हे खरे. पण नवस बोलणाऱ्याशी घासाघीस करणारा, थट्टेखोर देव फक्त पुजाऱ्यांच्या कल्पनेतून आला असेल असे वाटत नाही.

नाटककार ॲरिस्टोफेनीसने ‘प्लूटस’मध्ये (इ. स. पू. ३८८) अशाच एका रात्रीची टर उडवली आहे. दिवे मालवल्यावर पुजारी वेदीवरचे नैवेद्य पिशवीत भरतो, आणि जागा राहिलेला नोकर ते पाहून शेजारच्या म्हातारीच्या लापशीवर डोळा ठेवतो. ॲरिस्टॉटलचा आक्षेप वेगळा होता: स्वप्ने देव पाठवत असता, तर ती शहाण्यांना पडली असती, वाटेल त्याला नव्हे. भाविकांवर याचा परिणाम झाला नाही. इ. स. दुसऱ्या शतकात वक्ता एलिअस ॲरिस्टायडीस अस्क्लेपिअसच्या दृष्टांताबरहुकूम ऐन हिवाळ्यात नदीत उतरत होता आणि आपल्या स्वप्नांची टिपणे ठेवत होता. त्याच शतकात आर्टेमिडोरसने स्वप्नांचा अर्थ लावण्यावर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. भुकेल्याला पडणारी जेवणाची स्वप्ने त्याने भविष्यसूचक स्वप्नांतून आधीच वगळली होती.