पुरुषी नजर (दृश्य माध्यमं)

सिनेमा, जाहिरात, सिरीयल, रील, काहीही घ्या, बघणारा पुरुषच आहे असं धरून बाई दाखवायची, या सवयीला पुरुषी नजर म्हणतात. पडद्यावरचा पुरुष कामं करतो, ठरवतो, गोष्ट पुढे नेतो, आणि बाई फक्त दिसते. आपल्याकडे हा विषय निघाला की गाडी लगेच कपड्यांवर घसरते, आखूड घातलं की वाईट आणि नऊवारी नेसली की चांगलं, पण मुद्दा तो नाहीचे, कॅमेरा कुठे ठेवलाय आणि कोण कोणाकडे बघतंय हा आहे.

ही कल्पना मांडली लॉरा मल्वी या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी, १९७५ साली 'स्क्रीन' या नियतकालिकातल्या लेखात. मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडचा आधार घेऊन त्यांनी हॉलिवूडचे सिनेमे तपासले आणि तीन नजरा सांगितल्या: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. पहिल्या दोन सिनेमा लपवतो, म्हणून आपण हिरोच्याच डोळ्यांनी बघत बसतो. हिरो जिन्याखाली उभा, वर बघतो, कट, मग पैंजण, कंबर, पाठ आणि चेहरा सगळ्यात शेवटी. थेटरातल्या बायकासुद्धा तोपर्यंत त्याच्याच जागेवरून बघून मोकळ्या झालेल्या असतात.

आपल्याकडचं उदाहरण तर भन्नाट आहे. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधे (१९१३) काम करायला बाई मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके, आणि तरी त्यात राणी नि तिच्या सख्यांचा पाण्यात खेळतानाचा सीन आहेच, म्हणजे ओल्या साडीत सगळे पुरुष! बाई हजर नसली तरी नजरेचं काही अडत नाही.

ठाण्यात हे बघायला थेटरात जायची पण गरज नाही, घोडबंदर रोडने मानपाड्याहून कासारवडवलीकडे निघा आणि बिल्डरांचे होर्डिंग बघत जा. ठरलेला फोटो: नवरा मान वर करून टॉवर बघतोय, नाहीतर हातात चावी, आणि बायको टॉवरकडे नाही तर नवऱ्याकडे बघतेय, दात दिसतील इतकं हसून. हप्ते दोघांच्या पगारातून जात असतील, होर्डिंगवर घर मात्र त्यानेच घेतलेलं असतं. किचनच्या फोटोत ती एकटी. अंगभर पैठणी आहे, अश्लील काहीच नाही, त्यामुळे बायकांचं असभ्य चित्रण रोखणारा १९८६ चा कायदा इथे कामाचा नाही, तो असभ्यतेपुरताच आहे.

मल्वींवर टीकाही झाली, बाई प्रेक्षकाचं काय असं विचारलं गेलं, त्यावर त्यांनी १९८१ ला पुन्हा लिहिलं. पुढे अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी (१९९२) तिथल्या काळ्या बायका पडद्याकडे उलट, जाब विचारत बघतात हे मांडलं. मराठीत तर जात बाजूला ठेवून बोलताच येत नाही, तमाशापटात कॅमेरा फेटेवाल्यांच्या रांगेत बसतो आणि समोर नाचणारी बहुतेकदा कुठल्या समाजातली असायची हे सगळ्यांना माहीत असतं.

रीलमधे फोन मुलीच्याच हातात आला. नवी मुंबईत सीवूड्सला, वाशीला खाडीकाठी पोरी अँगल स्वतः लावतात, तरी मान कधी वळवायची आणि केस कधी उडवायचे हे बरंचसं जुन्या गाण्यांतूनच आलेलं. काहीजणी मात्र तीच स्टेप मुद्दाम तोंड वाकडं करून करतात, आणि त्या जाम भारी असतात.